आयतवारची माणसं आन् लहान गाडीचा डबा

१ सप्टेंबर, आयतवार

आन् पयला आला तो ज्ञानोबा सुतारच! शरणबसप्पा मागच्या हप्त्यात सांगत होते की ज्ञानोबाचं सुनंशी वाजलंय, आता तो काय यायचा न्हाय. आन् हा गडी भूमची पयली एसटी धरून साडेआठला बांधावर हजर. पिशवीत सुनंनंच बांधून दिलेल्या भाकरी. मग भांडण कसलं? मी शरणबसप्पांना विचारलं तर म्हणले, "अक्का, मी ऐकलेलं सांगितलं." जलमभर गाडीचे गार्ड होते, मागच्या डब्यात बसून पुढच्या डब्यातल्या बातम्या सांगायची खोड गेली न्हाय अजून.

ही वही शिवप्रियानं, माझ्या नातीनं, दिली. म्हणली, "अज्जी, दिसभर बोलतीस ते जरा लिही. कोण नसलं तरी बोलल्यावानी व्हतंय." मी चौथीपर्यंत शिकले अणदूरला. पाचवीत नाव घालायच्या ऐवजी लगीन लावलं आन् इथं येडशीला आले. अक्षर अजून शाबूत हाय.

आता डब्याचं लिहिते. आमच्या रानात हिरीजवळ रेल्वेचा डबा उभा हाय. खराखुरा. पयली लहान लाईन होती तिचा. ह्यांनी तिच्यावर सव्वीस वर्सं खलाशी म्हणून काढली. मोठी लाईन आली, लहान बंद पडली, तवा ह्यांनी भंगारात निघालेला एक डबा घेतला आन् ट्रॅक्टरवर लादून घरी आणला. चाकं न्हाईत, दगडाच्या चौथऱ्यावर बसवलाय. मी म्हणलं, लोक घरी म्हस आणतेत, तुमी डबा आणलाव. ह्यांनी म्हस बी आणली न्हाय आन् उत्तर बी दिलं न्हाय. ह्यांना जाऊन सहा वर्सं झाली. मागं त्यात मी कडबा भरला, शेळ्या बांधल्या. एकदा नाग निघाला.

ती शेळ्याची घाण प्रीती मास्तरणीनं पाह्यली. धाराशिवची पोरगी, इथल्या शाळेवर हाय. पटावरची लेकरं शोधत रानात आली आन् डबाच बघत बसली. तिनंच कुठल्या कुठल्या रेल्वेच्या संग्रहालयाला पत्रं धाडली. तिकडचे सायब म्हणले, नीट करून द्या, आमच्याकडं त्या मापाची चाकं हायत, आमी छपराखाली ठिवू. तवापासनं प्रीती, ज्ञानोबा आन् शरणबसप्पा, ही तिघं दर आयतवारी येतेत. पगार न्हाय, हजेरी न्हाय. काम झालं की क्रेन येणार आन् डबा जाणार. मी त्या कागदावर झोकात सही केलीय. जाऊ द्या की. मला काय करायचाय?

पण आयतवारी रान कसं भरून जातंय! आज धपाटे केले, शेंगाची चटणी. ज्ञानोबानं चार खाल्ले आन् म्हणला, "वैनी, मीठ कमीय." कमी होतं तर चार कशाला खायचे?

५ सप्टेंबर, गुरुवार

काय घडलं न्हाय. डब्याभोवती चकरा मारल्या. बसले, उठले, परत गेले. पायाला भिंगरी लागल्यावानी व्हतंय. अजून तीन दिस.

१५ सप्टेंबर, आयतवार

मागला आयतवार गणपतीत गेला, ज्ञानोबा तेवढा आला. छताचं काम त्यानं एकट्यानं उरकलं, किलतानाचं जाड कापड ताणून वर रंग मारला. शिडी मी धरली. खाली उतरून म्हणला, "झालं. आता पन्नास वर्सं गळत न्हाय."

आज बाहीरचा रंग खरडला. एकाखाली एक सात रंग निघाले. निळा, त्याच्याखाली तपकिरी, त्याच्याखाली हिरवा. प्रीती एकेका रंगाचा फोटो काढून वहीत लिहिती. मी म्हणलं, "बाई, रंगाचं बी काय लिहायचं?" ती म्हणली, "आज्जी, हे डब्याचं वय आहे." मग मी बी एक पत्रा घेऊन खरडाय बसले. एका जागी खरडता खरडता पार लाकूड लागलं तरी थांबले न्हाय. ज्ञानोबा आला आन् माझ्या हातातला पत्राच काढून घेतला. "वैनी, भांडं न्हाय हे, घासून चकचकीत करायला."

अजून एक घोळ झाला. खिडक्यांच्या झडपांचे पितळी स्क्रू ज्ञानोबानं मोजून एका वाटीत ठिवले होते. जुनेच बसवायचेत, नवीन तसले मिळत न्हाईत. वाटी उघडी दिसली, वानरं उचलतील म्हणून मी उचलून नीट ठिवली. रामलिंगाच्या देवळाकडची वानरं लई वंगाळ, मागं चष्मा नेला होता एकाचा. पण कुठं ठिवली ते ध्यानात न्हाय. तिघांनी घर पालथं घातलं. चारला सापडली, ज्वारीच्या पिपात. दिस मावळतीला गेला. झडपा बसवायच्या ऱ्हायल्याच.

शरणबसप्पा हसले. ज्ञानोबा म्हणला, "मी काय पुढच्या टायमाला येणार न्हाय." तो दर टायमाला म्हणतोय.

२२ सप्टेंबर, आयतवार

हुग्गी केली. माझ्या अव्वाची, आईची, रीत, गहू सडून, गूळ, खसखस, वरनं तूप. प्रीतीनं कधी खाल्ली न्हवती. म्हणली, "आमच्या आईला शिकवा." मी म्हणलं, घेऊन ये की आईला. हुग्गी खाल्ल्यावर कोण रंधा मारील? शरणबसप्पा लिंबाखाली आडवे झाले ते तीनपर्यंत. ज्ञानोबा बसल्या बसल्या पेंगला आन् जागा झाल्यावर माझ्यावरच वरडला की एवढं गोड कामाच्या दिवशी करतेत का.

सागवान पार घासून झालंय आतलं. बाकं, फळ्या, छताच्या पट्ट्या, सगळं उघडं लाकूड. लेकराच्या गालावानी लागतंय हाताला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आयतवार हाय, तवा त्याच्यावर लाखंचं पॉलिश चढवायचं. चपडा म्हणतेत त्याला. एकदा चपडा चढला की निम्म्याच्या वर काम सरलं, असं ज्ञानोबा म्हणला.

मी म्हणलं, "एवढ्या लवकर?"

तो म्हणला, "लवकर? सहा महिने झाले वैनी!"

१२ ऑक्टोबर, दसरा

लई खूश हाय मी आज. काल खंडेनवमीला डब्याची पूजा केली. सगळे ट्रॅक्टरला हार घालतेत, मोटारसायकलीला घालतेत, मग आमच्या डब्यानंच काय घोडं मारलं? ज्ञानोबाची हत्यारं बी माझ्याकडंच असतेत, रंधा, पटाशी, करवत. ती पुसून पाटावर मांडली. मग मनात आलं, लाकूड कसं कोरडं ठणठणीत दिसतंय, सणासुदीला अंगाला तेल नको का? करडीचं तेल घेतलं, त्यात हळद कालवली आन् एकेक बाक चोळून काढलं. लेकराला न्हाऊ घालायच्या आधी चोळतेत तसं. फळ्या बी चोळल्या. तीन तास लागले, कंबर मोडली. दारावर विभूतीची तीन बोटं वडली. सोन्यावानी दिसाय लागला डबा! ह्यांची लई याद आली. उद्या तिघं येतील आन् बघून खूश व्हतील.

१३ ऑक्टोबर, आयतवार

खूश झाले न्हाईत.

ज्ञानोबा पयला आत गेला. बाहीर आला तो थांबलाच न्हाय. हिरीच्या काठावर जाऊन बसला. मग शरणबसप्पा गेले, ते "शिवा शिवा" म्हणत बाहीर आले. प्रीतीनं सांगितलं मला. उघड्या लाकडानं तेल पिलं की वर चपडा धरत न्हाय, चिकट ऱ्हातो. आन् हळदीचे डाग लाकडाच्या पार आत गेले. आता परत सगळं घासायचं, पयल्यापासनं. तीन-चार आयतवार तरी.

मी ज्ञानोबाकडं गेले. म्हणलं, "भावजी, शिव्या द्या पर बोला."

तो म्हणला, "काय बोलू? माझ्या हातानं घासलेलं लाकूड हाय ते. पोरांच्या दुकानात सगळं पलायवूड. तिथं रंध्याला हात लावू देत न्हाईत मला, आवाज व्हतोय म्हणतेत. एवढं एकच सागवान ऱ्हायलं होतं माझ्या नशिबात."

मला रडू आलं. पदर तोंडाला लावला तर पदराला हळदीचा वास. मी म्हणलं, "मग आता परत घासायला मिळंल की."

तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग उठला, हत्यारं काढली आन् म्हणला, "घासायचा कागद आणा. शंभर नंबरचा." आन् जेवणाच्या वक्ताला मीठ बरोबर हाय म्हणला. चुकून.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

जीव थाऱ्यावर न्हाय. येतील का न्हाय आयतवारी? कोण कशाला येईल, केलेलं काम नासवणारीच्या दारी? पुण्याहून लेकाचा, सिद्धलिंगचा, फोन आला. म्हणला, "अव्वा, त्यांच्या मधी मधी करू नकोस. करू दे त्यांना, घेऊन जाऊ दे डबा. आन् मग तू इकडं ये ऱ्हायला. तिथं काय हाय आता?" मी म्हणलं, येते. कवा येते ते सांगितलं न्हाय.

२० ऑक्टोबर, आयतवार

आले! तिघं बी आले! ज्ञानोबा सव्वाआठलाच, पंधरा मिनिटं आधी. म्हणला एसटी जोरात होती.

मला बी कागद दिला घासायला. ज्ञानोबानं शिकवलं, लाकडाच्या रेघंबरोबर जायचं, आडवं न्हाय. प्रीतीची आई आली होती, चांगुणाबाई. आमी दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसून घासत होतो आन् बोलत होतो. गाडीत बसल्यावानीच वाटत होतं. त्या म्हणल्या, "ह्या गाडीत बसून मी माहेरी जायची. डब्यातला माणूस चालती गाडी सोडून खाली उतरून लघवीला जाऊन परत चढायचा, एवढी हळू." आमी एवढं हसलो की शरणबसप्पा लांबनं वरडले, "आमच्या गाडीला नावं ठेवायची न्हाईत!"

हुग्गी शिकवली त्यांना.

१० नोव्हेंबर, आयतवार

दिवाळीत शिवप्रिया येऊन गेली, लिहायला फुरसत न्हवती. जाताना ती एक बोलली ते डोक्यातनं जाईना. वहीतली मागची पानं तिनं वाचली. मी नको म्हणत होते तरी. वाचून म्हणली, "अज्जी, स्क्रू तू हरवलेस, रंग तू खरडलास, तेल तू लावलंस. प्रत्येक टायमाला तूच कशी गं?"

मी म्हणलं, मी म्हातारी, मला कळत न्हाय कामातलं.

आता खरं खरं लिहिते, वहीशी काय खोटं बोलायचं. मी मुद्दाम केलं का? देवाशप्पथ न्हाय. तेल लावताना माझ्या मनात पूजाच होती. पण चपडा चढला की निम्मं काम सरतंय, हे बी मला ठावं होतं. ते कुठंतरी आत होतं. हात आपला आपण तेलाकडं गेला. हाताचं कोण काय सांगावं.

शब्द दिलाय मी. सही केलीय. ह्यांचा डबा चार लोकांनी बघावा, हे चांगलंच हाय. आता मधी मधी करायचं न्हाय. हात मांडीखाली दाबून बसायचं.

८ डिसेंबर, आयतवार

काल चंपाषष्ठी झाली. वांग्याचं भरीत, रोडगा.

मी पाच आयतवार कशाला हात लावला न्हाय. चपडा चढला. एकावर एक आठ हात. ज्ञानोबा कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून गोल गोल फिरवतो, त्याच्या मनगटाकडं बघत बसावं. झडपा बसल्या, वर वडल्या की लोण्यावानी सरकतेत. बाहीरनं जुना तपकिरी रंग दिला. मी काम बिघडवलं न्हाय तर कसं सरसर पुढं गेलं बघा.

ज्ञानोबा म्हणला, "आता निस्ती दाराची मूठ ऱ्हायली. पुढच्या आयतवारी ती बसली की खलास."

"खलास?" शरणबसप्पा म्हणले.

"खलास."

प्रीतीनं वही मिटली. च्या गार झाला तरी कोणी उचलला न्हाय. मी म्हणलं, सायबांना कळवा की मग. प्रीती म्हणली, "कळवते आज्जी." असं हळू म्हणली, जसं की तापातलं लेकरू बोलतंय. तिची तब्येत बरी न्हाय वाटतं. थंडी हाय.

१५ डिसेंबर, आयतवार

मूठ बसली. झालं. सगळं झालं.

दुपारी काय करावं कोणाला कळंना. ज्ञानोबानं बसलेलीच मूठ काढून परत बसवली. शरणबसप्पांनी झाडलेलं बाक परत झाडलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

प्रीतीकडं निरोप आला. सायब येत्या सोमवारी बघायला येणार. त्या दिवशी वेळ अमावस्या, रानातल्या पूजेचा सण! त्यांना शहरात काय म्हाईत. बरंच झालं, रानात सगळ्यांनाच बोलवते. अंबील आजपासनंच डोक्यात हाय. वाटाणा, तुरीच्या शेंगा, हरभरा, पावटा, भज्जीला सगळं लागतंय. घरात बसवंना, रानात बसवंना. डबा आतनं पुसला. कोरड्या फडक्यानं. नुसत्या कोरड्या.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

दिवे लागणीला लिहितेय, अजून पाय दुखतेत.

डब्याच्या अंगालाच खोपटावानी कडब्याची कोप केली होती. आत पाच पांडव मांडून पूजा केली. मग रानाच्या चारी कडंनं अंबील शिंपडली. शरणबसप्पा घोंगडं पांघरून पुढं, मी मागं. तेवढ्यात पांढरी गाडी आली. सायब आन् एक चष्मेवाल्या बाई. सायबांना वाटलं त्यांच्या स्वागतासाठीच एवढं केलंय! मी बी तसंच वाटू दिलं.

भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे आन् भाकर. बाईंनी अंबील तीन गिलास पिली. म्हणल्या, "हे कशाचं ताक आहे?" ताक नव्हं बाई, म्हणलं, ताकात ज्वारीचं पीठ आंबवलेलं.

मग डबा बघितला. सायब आत गेले, हात फिरवला, खाली बसून फळ्या ठोकल्या. बाहीर आले तवा चेहरा खुललेला. म्हणले, "आजी, इतकं सुंदर काम आम्ही पैसे देऊनही करून घेऊ शकलो नसतो. अहो, हे तर तयारच दिसतंय. संक्रांतीच्या आत क्रेन पाठवायला हरकत नाही. काम पूर्ण झालंय ना?"

माझ्याकडंच बघून विचारलं. मालकीण मी. शब्द म्हणजे शब्द. मी व्हय म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ज्ञानोबा मागनं म्हणला, "कुठं झालंय सायब? अजून दोन महिने तरी पायजेत."

मी वळून बघितलं. ज्ञानोबा पुढं म्हणला, "छताचं सगळंच ऱ्हायलंय. पावसाळ्यात गळंल."

आता छत त्यानंच तर गणपतीत केलं. शिडी मी धरली होती!

मग शरणबसप्पा म्हणले, "झडपा बी धरतेत सायब. ह्ये बघा." आन् झडप वडाय लागले, ताकद लावून, दात खाऊन. वर गेलीच न्हाय. मी बाजूलाच होते, त्यांचा दुसरा हात खालनं झडपंला धरून होता. मी खूण केली की अप्पा, हात काढा. त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाय.

सायबांनी प्रीतीला विचारलं. ती शाळेची मास्तरीण, ती तरी खरं सांगंल. तिनं वही उघडली, लई वेळ बघितली आन् म्हणली, "हो सर, यादी बरीच मोठी आहे." मी तिच्या खांद्यावरनं बघितलं, पान कोरं होतं. एवढ्या तरण्या वयात चष्मा लागला वाटतं पोरीला. चांगुणाबाईंना सांगाय पायजे.

सायबांनी तिघांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग कोपीकडं, अंबिलीच्या घागरीकडं. बाई हसत होत्या कशाला तरी. सायब म्हणले, "घाई नाही. छत महत्त्वाचं असतं."

मी ज्ञानोबाला नंतर बाजूला घेऊन म्हणणार होते, भावजी, तुमी विसरलाव का, छत झालंय. पण तो उंडा खात बसला होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. नऊ महिन्यांत कधी गुणगुणताना बघितला न्हवता. म्हणलं जाऊ दे. वय झालं की असं व्हतंय, केलेलं ध्यानात ऱ्हात न्हाय. पाहुण्यांसमोर आपल्या माणसाला खोटं पाडू न्हाय. आन् सायबांना काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं, मी तर तोंडातनं एक शब्द काढला न्हाय. माझी सही जशी होती तशी हाय.

जाताना सायबांनी तारीख लिहून घेतली. शिवरात्र झाल्यावर परत येतो म्हणले, तीन मार्च, सोमवार. बोटांवर मोजलं. मधी नऊ आयतवार हायत.